एक फोटॉन की दहा? मायोग्लोबिनच्या प्रयोगाचं प्रकरण

पहाटेचे साडेतीन. कंट्रोल रूममध्ये आम्ही तिघं जागे, चौथा खुर्चीतच मान टाकून झोपलेला. डावीकडच्या स्क्रीनवर जेट दिसत होता. केसाहून किती तरी बारीक पाण्याची धार, आणि तिच्यातून वाहत चाललेले आमच्या प्रथिनाचे स्फटिक. धारेच्या खाली, सांडलेलं पाणी गोळा करणाऱ्या नळीच्या तोंडावर मिठाचा पांढरा सुळका साचत होता. तो वर वाढत येऊन धारेला भिडला की धार फिसकटते, मग बीम बंद करून कुणी तरी आत जाऊन तो खरवडतं आणि वीसेक मिनिटं हातची जातात. उजवीकडे हिट रेट, म्हणजे क्ष-किरणांच्या स्पंदांपैकी किती स्फटिकाला लागले ते प्रमाण, दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता. आणि मधल्या स्क्रीनवर, जिथे लेसर मारलेल्या आणि न मारलेल्या स्फटिकांतला फरक उमटायला हवा होता, तिथे नुसता नॉइज.

"पंप थोडा वाढवू या का?" लेसर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं. पंप म्हणजे स्फटिकांना उत्तेजित करणारा हाच लेसर.

त्या शिफ्टची जबाबदारी माझ्याकडे होती. पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या करारावरच्या संशोधनाचं, दुसरं वर्ष चालू होतं. पुढचा बीमटाइम, म्हणजे यंत्रावर कामाचा वेळ, मिळालाच तर दीड वर्षाने मिळणार होता आणि माझं काँट्रॅक्ट त्याआधीच संपत होतं. मी म्हटलं, वाढव.

आमच्या त्या शिफ्टची गोष्ट शेवटी सांगते. तसं पाहिलं तर हा प्रश्न आमच्या एकट्याचा नव्हताच. अतिजलद क्ष-किरण लेसरने प्रथिनांची हालचाल टिपणारं जवळजवळ सगळं क्षेत्र काही वर्षं याच प्रश्नाला हेच उत्तर देत होतं. त्याचं पुढे काय झालं, हे सगळ्यात चांगलं कळतं ते मायोग्लोबिनच्या प्रकरणातून.

मायोग्लोबिनच का

मायोग्लोबिन म्हणजे स्नायूंमध्ये ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रथिन. मटणाचा लाल रंग त्याचाच. जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये स्पर्म व्हेलच्या मायोग्लोबिनची रचना क्ष-किरणांनी उलगडली. कुठल्याही प्रथिनाची त्रिमितीय रचना माणसाने पाहिली ती तेव्हा पहिल्यांदा. १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल केंड्र्यू आणि मॅक्स पेरुट्झ यांना मिळालं. या प्रथिनाच्या पोटात हीम नावाची चपटी चकती असते आणि तिच्या मधोमध लोहाचा एक अणू. त्या अणूला ऑक्सिजन चिकटतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तर त्याहून घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, तिथे रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हेच झालेलं असतं.

पण हे घट्ट बंधन उजेडाने तुटतं. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकातच हिमोग्लोबिनवर हे दाखवलं होतं. प्रयोग करणाऱ्याच्या दृष्टीने ही पर्वणी. प्रकाशाची एक झलक टाकायची, बंध तुटतो, आणि तुटण्याचा क्षण आपल्या घड्याळावर नेमका माहीत असतो. शोषलेला जवळजवळ प्रत्येक फोटॉन कामी येतो.

आणखी एक कारण आहे. पेपरात ते कुणी लिहीत नाही, पण घोड्याच्या हृदयातलं मायोग्लोबिन बाटलीत विकत मिळतं. मिनिटाला ३० मायक्रोलिटरच्या वेगाने स्फटिकांचा रबडा जेटमधून सोडला, तर ६० तासांत शंभर मिलिलिटरच्या वर लागतो. त्यातला बहुतेक दोन स्पंदांच्या मधल्या वेळात काहीही न घडता वाहून जातो. स्वतः जीवाणूंमध्ये वाढवलेलं, महिनाभर शुद्ध करत बसलेलं प्रथिन असं वाहून जाताना बघणं जिवावर येतं. मायोग्लोबिनचं तसं दुःख नाही.

फोटो निघतो आणि स्फटिक संपतो

क्ष-किरण मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर, म्हणजे एक्सएफईएल, हे शेकडो मीटर ते काही किलोमीटर लांबीचं यंत्र असतं. कॅलिफोर्नियातला एलसीएलएस २००९ मध्ये सुरू झाला. जपानचा साक्ला, कोरियाचा पॅल, हॅम्बुर्गजवळचा ३.४ किलोमीटरचा युरोपियन एक्सएफईएल आणि स्वित्झर्लंडमधला ७४० मीटरचा स्विसएफईएल हे त्यानंतरचे. प्रथिनांसाठी लागणारे कठीण क्ष-किरण देणारी अशी यंत्रं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. भारतात इंदूरला इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन (क्ष-किरण देणारं दुसऱ्या प्रकारचं, गोल यंत्र) आहे, एक्सएफईएल नाही. त्यामुळे या विषयात काम करायचं तर आपल्याकडच्या मुलामुलींना पोस्टडॉकसाठी बाहेरच जावं लागतं.

स्पंद इतका प्रखर असतो की स्फटिकाची वाफ होते. पण ती होण्याआधीच विखुरलेले किरण डिटेक्टरवर पोचलेले असतात. ही कल्पना रिचर्ड नॉइट्झ, यानोश हायडू आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये गणिताने मांडली. २०११ मध्ये हेन्री चॅपमन आणि सहकाऱ्यांनी प्रकाशसंश्लेषणातल्या फोटोसिस्टिम-१ च्या अतिसूक्ष्म स्फटिकांवर ती करून दाखवली. त्यांनी तीस लाखांहून जास्त चित्रं घेतली, त्यातली पंधराएक हजार रचनेसाठी उपयोगी पडली. एका स्फटिकाचं एकच चित्र, म्हणून धार लागते आणि म्हणून स्फटिक सतत वाहते ठेवावे लागतात.

हालचाल टिपायची तर आधी दृश्य प्रकाशाचा पंप स्पंद मारायचा, ठरलेल्या अंतराने क्ष-किरणांचा प्रोब स्पंद. हे अंतर फेम्टोसेकंदांत मोजतात. एक फेम्टोसेकंद एका सेकंदाएवढा ताणला, तर त्या प्रमाणात एक सेकंद ३ कोटी १७ लाख वर्षांचा होईल.

२०१५: पहिलं उत्तर

हायडेलबर्गच्या माक्स प्लांक वैद्यकीय संशोधन संस्थेतला इल्मे श्लिश्टिंग यांचा गट या क्षेत्रात सुरुवातीपासून आहे. थॉमस बॅरेंड्स पहिले लेखक असलेला त्यांचा पेपर २०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. एलसीएलएसवर घोड्याच्या मायोग्लोबिनचे स्फटिक, पंप लेसरने लोह आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा बंध तोडलेला, आणि त्यानंतरचे क्षण एकामागून एक टिपलेले. बंध तुटल्यापासून अर्ध्या पिकोसेकंदात, म्हणजे पाचशे फेम्टोसेकंदांत, प्रथिनाचे हेलिक्स नावाचे सर्पिल भाग हलताना दिसले. सी, एफ आणि एच ही हेलिक्स हीमपासून दूर सरकली, ए आणि ई जवळ आली.

याला एक जुनी पार्श्वभूमी होती. हान्स फ्राउएनफेल्डर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मायोग्लोबिनवरच काम करताना प्रथिनकंपाची कल्पना मांडली होती. बंध तुटला की ताण सुटतो आणि भूकंपासारख्या लहरी प्रथिनभर पसरतात, अशी. तीस वर्षांनी त्या लहरी डोळ्यांनी पाहिल्यासारखं झालं. आम्ही जर्नल क्लबमध्ये तो पेपर वाचला तेव्हा हेलिक्सच्या बाणांची आकृती कुणी तरी फळ्यावर मोठी करून काढली होती आणि ती आठवडाभर पुसली गेली नाही.

पंप लेसर किती ठेवला होता, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

बटणामागचं गणित

हे गणित कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर बसतं, म्हणून सगळंच मांडते.

पंपाचा हिरवा प्रकाश ५३२ नॅनोमीटरचा धरा. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा साधारण ३.७ × १०⁻¹⁹ ज्यूल. दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिज्यूल प्रकाश पडला तर साधारण २.७ × १०¹⁵ फोटॉन पडले. मायोग्लोबिनचा मोलर शोषण गुणांक (प्रकाश किती शोषला जातो याचं माप) या रंगाला बारा हजारांच्या घरात धरला, तर एक रेणू प्रकाशाला जणू ४.६ × १०⁻¹⁷ चौरस सेंटिमीटरचं तोंड दाखवतो. दोन्हींचा गुणाकार ०.१२. म्हणजे १ मिलिज्यूलला रेणूमागे सरासरी ०.१२ फोटॉन, ८ मिलिज्यूलला साधारण एक, ८० ला दहा.

आता सरासरी एक म्हणजे प्रत्येकाला एक, असं होत नाही. पावसाचे थेंब फरशीवर पडावेत तसे फोटॉन पडतात. सरासरी एक असेल तेव्हा ३७ टक्के रेणूंना काहीच मिळत नाही, ३७ टक्क्यांना एक मिळतो आणि उरलेल्या २६ टक्क्यांना दोन किंवा जास्त. बहुतेकांना एकच मिळावा अशी इच्छा असेल तर सरासरी ०.१ पर्यंत खाली यावं लागतं. तेव्हा उत्तेजित झालेल्यांपैकी ९५ टक्के रेणू एकाच फोटॉनचे असतात. पण एकूण स्फटिकात उत्तेजित झालेले रेणूच दहा टक्क्यांहून कमी. नव्वद टक्के अंधारातलेच आणि दहा टक्के बदललेले, अशा मिश्रणातून फरक काढायचा. पहाटे साडेतीनला मधल्या स्क्रीनवर नॉइज दिसतो तो यामुळे.

पंप वाढवायचं बटण फिरवलं की फरकाचा नकाशा सुधारतो. पण दुसरा फोटॉन जातो कुठे? पहिल्याने बंध तोडलेला असतो, हीम आधीच उत्तेजित आणि गरम असतं, आणि त्याच क्षणी त्याच्यात आणखी एक फोटॉन शिरतो. हिरव्या प्रकाशाचा एक मोल फोटॉन म्हणजे सुमारे २२५ किलोज्यूल. एकट्या फोटॉनमुळे तापलेल्या हीमलाच निवायला काही पिकोसेकंद लागतात. त्यावर आणखी पाच-दहा ओतले तर जे हलताना दिसतं ती प्रथिनाची रोजची चाल आहे की चटका बसल्यावरची उडी, हे नकाशा बघून सांगता येत नाही. सूर्यप्रकाशात कुठल्याही रेणूवर काही फेम्टोसेकंदांत दहा फोटॉन येऊन आदळत नाहीत.

स्फटिकामुळे घोळ आणखी वाढतो. द्रावणात रेणू विरळ असतात, स्फटिकात ते ठासून भरलेले. सांद्रता ५० मिलिमोलर धरली तर दहा मायक्रॉन जाडीच्या स्फटिकात पुढचे थर तीन-चतुर्थांश प्रकाश खाऊन टाकतात आणि मागच्या थरापर्यंत एक-चतुर्थांशच पोचतो. म्हणजे एकाच स्फटिकात पुढे चार फोटॉन आणि मागे एक, असंही होऊ शकतं. त्यात प्रत्येक स्फटिक धारेत वेगळ्या दिशेने फिरलेला, हीम चपटं, त्यामुळे शोषणही दिशेनुसार बदलतं. 'स्फटिकांना प्रकाश कमी पोचतो, म्हणून थोडा जास्तच मारावा' हा युक्तिवाद इथूनच आला, आणि तो सगळाच चुकीचा नव्हता.

२०२०: कुरबुर उघड होते

लेसर स्पेक्ट्रोस्कोपी करणारी मंडळी या गोष्टीवर आधीपासून नाक मुरडत होती. त्यांच्याकडे प्रयोगाची पहिली पायरीच ठरलेली असते. पंपाची प्रखरता पायरी-पायरीने वाढवायची, सिग्नलचा आलेख काढायचा, आणि तो सरळ रेषेत आहे तोवरच काम करायचं. रेषा वाकली की समजायचं, एकाहून जास्त फोटॉन शिरताहेत. स्फटिकांच्या प्रयोगांत ही पायरी बहुतेकदा गाळलेली होती.

२०२० मध्ये ड्वेन मिलर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये हा मुद्दा बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन या सूक्ष्मजीवांतल्या, प्रकाश शोषणाऱ्या प्रथिनाच्या प्रयोगांबद्दल जाहीरपणे मांडला. हे प्रयोग बहु-फोटॉन पट्ट्यात झालेत, मग त्यांचा जैविक अर्थ काय लावायचा, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी श्लिश्टिंग यांच्या गटातल्या मारी लुइझे ग्र्यूनबाइन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर मेथड्स'मध्ये अशा प्रयोगांत स्फटिकांवर प्रकाश कसा आणि किती टाकावा याचे निकष दिले. बोट ज्यांच्या कामाकडे दाखवलं जात होतं त्यांतलाच एक गट निकष लिहीत होता. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

२०२४: तोच गट, तेच प्रथिन

निकष लिहून ते थांबले नाहीत. बॅरेंड्स, श्लिश्टिंग आणि सहकारी पुन्हा मायोग्लोबिनकडे वळले, या वेळी स्विसएफईएलवर. बंध तोच, प्रश्न तोच. बदलायची होती ती फक्त पंपाची प्रखरता. तिचे वेगवेगळे टप्पे घेतले, अगदी खालच्या रेषीय पट्ट्यापासून, आणि त्यांच्यावर वेगवेगळ्या क्षणांच्या मालिका. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये निकाल आला. प्रखरता बदलली की उत्तर ठळकपणे बदलतं. रचनेतले बदल कधी आणि कसे होतात, हे पंपाच्या ऊर्जेवर अवलंबून निघालं. तोवरच्या सगळ्या अतिजलद प्रयोगांमध्ये प्रकाश शोषणाऱ्या प्रत्येक रंगद्रव्यामागे (हीमसारख्या) कागदोपत्री अनेक फोटॉन शोषले जातील इतकी ऊर्जा वापरली गेली होती, हेही त्यांनी सारांशातच स्पष्ट लिहिलं. 'सगळ्या' म्हणताना त्यात त्यांचे स्वतःचे प्रयोगही आलेच.

मला त्यातला लोह आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यातल्या अंतराचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. क्वांटम गणितांनी आधीच भाकीत केलं होतं की बंध तुटताना हे अंतर सगळ्या रेणूंमध्ये एका तालात कमी-जास्त होईल. बंध तुटण्याची यंत्रणा समजायची तर तो ताल दिसायला हवा. त्या तालाच्या खुणाही पंपाच्या ऊर्जेवर जबरदस्त अवलंबून निघाल्या. म्हणजे सिग्नल वाढवायला म्हणून बटण फिरवायचं, आणि जे बघायला आलो होतो त्याचंच रूप त्या फिरवण्याने बदलायचं.

यावरून २०१५ चा पेपर खोटा होता असं म्हणणारे मला भेटलेत. मला ते पटत नाही. पेपरातली निरीक्षणं होती तशीच आहेत, हेलिक्स हलली ती हललीच. प्रश्न आहे तो त्या हालचालीला शरीरातल्या मायोग्लोबिनची हालचाल म्हणायचं का, एवढाच. आणि ही शंका मुख्यतः फेम्टोसेकंद-पिकोसेकंदांच्या दाव्यांना लागू होते. मिलिसेकंदांवर चालणाऱ्या प्रयोगांना तोच चष्मा लावून सरसकट मोडीत काढणं अति होईल. तोवर हीम कधीच निवलेलं असतं.

साठ तासांचा हिशेब

मग हा प्रयोग आधीच का झाला नाही? आळस म्हणून सोडून देणं सोपं आहे. खरं कारण शिफ्टच्या तक्त्यात सापडतं.

बीमटाइम बहुतेकदा बारा तासांच्या पाचेक शिफ्टचा असतो, म्हणजे ६० तास. यंत्र सेकंदाला १०० स्पंद देत असेल तर तासाला ३,६०,००० स्पंद होतात. हिट रेट दहा टक्के धरा, ३६,००० चित्रं. त्यातली निम्मी उपयोगी, १८,०००. दर वेळ-बिंदूला पस्तीस-चाळीस हजार हवी असतील तर एका बिंदूला दोन तास. दहा वेळ-बिंदूंचे वीस तास. आता हेच तीन प्रखरतांवर करायचं म्हटलं की साठ तास संपले. सुळका खरवडायला, तुंबलेलं नोझल बदलायला, आणि पंप व प्रोब एकाच जागी एकाच वेळी पडताहेत ना हे तपासायला शून्य मिनिटं उरली.

या हिशेबात पोस्टडॉक बसवून पाहा. काँट्रॅक्ट दोन-तीन वर्षांचं, त्यात एखाद-दुसरा बीमटाइम. 'दहा वेळ-बिंदूंवर प्रथिनाचा चित्रपट' असा पेपर झाला तर पुढच्या नोकरीच्या मुलाखतीला दाखवायला काही असतं. 'पंप किती ठेवावा याचा आलेख' घेऊन गेलं तर समोरचे विचारतात, मग रचना कुठे आहे? प्रस्ताव तपासणारी समितीही नवं प्रथिन मागते. जुनंच प्रथिन पुन्हा, फक्त लेसर कमी करून, असं लिहून बीमटाइम मागायला अंगात बळ लागतं. हायडेलबर्गच्या गटाकडे ते होतं, आणि ते होण्यामागे त्यांची आधीची दहा-बारा वर्षं होती. दुसऱ्या वर्षातल्या पोस्टडॉककडे ते कुठून येणार?

आमच्या शिफ्टचं

२०२४ चा पेपर आला तेव्हा मी ती जागा सोडून बरेच दिवस झाले होते. आमचा डेटा कधी छापला गेला नाही. पण त्या संध्याकाळी मी जुनं ई-लॉगबुक उघडलं. म्हटलं, आपण नेमके किती फोटॉन मारले ते तरी बघू.

नोंद सापडली. पहाटे ३:४१. 'पंप वाढवला, १ मायक्रोज्यूल, स्पॉट १०० मायक्रॉन.' खाली कुणी तरी हसरा चेहरा टाकलेला, कारण पाऊण तासाने नकाशात काही तरी दिसू लागलं होतं.

गणित करायला बसले आणि तिथेच अडले. १०० मायक्रॉन म्हणजे कुठून कुठपर्यंत? लेसरचा ठिपका कडेला एकदम संपत नाही, विरत जातो. कुणी तो अर्ध्या प्रखरतेपाशी मोजतं, तर कुणी प्रखरता मध्याच्या सुमारे साडेतेरा टक्क्यांवर येते तिथे. दुसरी रीत धरली तर ठिपक्याच्या मध्यावर दर चौरस सेंटिमीटरला २५ मिलिज्यूल येतात, पहिली धरली तर ९. आमच्या प्रथिनाचं शोषण साधारण मायोग्लोबिनसारखंच होतं. म्हणजे एका रीतीने रेणूमागे तीन फोटॉन, दुसरीने एक.

लेसर सांभाळणाऱ्या त्या सहकाऱ्याला मेल केला. तो आता एका कंपनीत चष्म्याच्या काचांच्या कोटिंगचं काम बघतो. दोन दिवसांनी उत्तर आलं: बहुतेक अर्ध्यापाशीच मोजला असेल, पण त्या आठवड्यात कॅमेरा बदलला होता, तेव्हा खात्रीने सांगता येत नाही.